त्रास झाल्यास

आठ दिवस झाले, वारा काही पडायचं नाव घेत नव्हता. थंडी म्हणावी तर थंडी नाही, ऊन म्हणावं तर त्यात ऊब नाही. नुसती कोरडी, बोचरी हवा आणि तिच्या जोडीला खणून ठेवलेल्या रस्त्याची बारीक माती. दवाखान्याचं शटर वर ढकललं की पहिली मूठभर धूळ शिक्केकाकांच्या टकलावर पडायची आणि मग दिवस सुरू व्हायचा. बाहेरच्या बाकावर आठ वाजताच सहा-सातजण खोकत बसलेले. कोण कसं खोकतंय ते काकांना न बघता कळायचं. घशातला खोकला वेगळा, छातीतला वेगळा, सिगारेटचा वेगळा आणि कामावर दांडी मारण्यासाठी काढलेला तर फारच वेगळा; त्यात जोर जास्त आणि कफ कमी.

ओल्या फडक्यानं त्यांनी औषधखिडकीची फळी पुसली. फ्रिजचा पारा बघून कागदावर लिहिला. आलेली खोकी फोडून औषधं लावली, जुनी पुढं, नवी मागं. शाईच्या गादीवर चार थेंब शाई सोडली आणि लाकडी घोडीवर ओळीनं लटकणारे नऊ शिक्के बोटानं हलवून बघितले. मग खिडकी सरकवून म्हणाले, "हं, कोण पहिलं?"

हे शिक्के म्हणजेच काका. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच राहिलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी ते कंपाउंडर म्हणून या खिडकीत बसले, तेव्हा आतल्या खोलीत थोरले डॉक्टर होते. माणूस सोन्यासारखा, पण अक्षर असं की एखादा मुंगळा शाईत बुडून कागदावरून चालत गेला असावा. लोक चिठ्ठी घेऊन खिडकीशी यायचे, काका सगळं समजावून सांगायचे, आणि घरी पोचेपर्यंत लोक निम्मं विसरून जायचे. सकाळची गोळी रात्री, रात्रीची सकाळी. एकानं तर कानात घालायचे थेंब आठवडाभर प्यायले आणि वर येऊन सांगितलं की कानाला चांगला फरक आहे. तेव्हा काकांनी आपल्या डोक्यानं शिक्के करून आणले. ‘जेवणानंतर’, ‘रिकाम्या पोटी’, ‘झोपताना’, ‘बाटली हलवून’, ‘पोटात घेऊ नये’, ‘त्रास झाल्यास’ आणि असेच आणखी तीन. पाकिटावर ठसठशीत जांभळी अक्षरं. थोरले डॉक्टर खूश, लोक खूश. काकांचा शिक्का बसल्याशिवाय औषध लागू पडत नाही असं लोक म्हणायला लागले, आणि तसं काही नसतं बरं का, असं काका कधी म्हणाले नाहीत. बायको मात्र म्हणायची, एक स्वतःच्या कपाळावर मारून घ्या, ‘बाटली हलवून’.

थोरले डॉक्टर म्हातारपणानं थकले आणि मुलाकडे राहायला गेले, त्याला सहा महिने झाले होते. आता आत नव्या डॉक्टरबाई बसायच्या. वयानं काकांच्या मुलीएवढ्या. बोलायला गोड, कामाला घाईच्या. आल्यापासून त्यांनी एकच लावून धरलं होतं, दम्याचे पेशंट नीट बघायचे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी काकांच्या हातात एक पुस्तिका ठेवली होती. दम्याच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना, तीसेक पानं, खास दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत लिहिलेल्या. काका, सवडीनं वाचून काढा, असं त्या म्हणाल्या. चार दिवसांनी विचारलं तेव्हा काकांनी वाचली म्हणून सांगितलं. पुस्तिका खिडकीखालच्या खणात कापसाच्या गुंडाळीखाली होती. सव्वीस वर्षं दम्याची औषधं देणाऱ्या माणसानं दमा म्हणजे काय ते पुस्तकात काय वाचायचं, असा त्यांचा हिशेब.

त्या सकाळी डॉक्टरबाईंनी फॉर्मचा गठ्ठा आणून ठेवला. वर मोठ्या अक्षरात छापलेलं, ‘दम्याच्या रुग्णांचे जीवनमान’. पंधरा प्रश्न. लोक आत येण्याआधी काकांनी ते विचारून भरायचे. तुमच्याशी लोक मोकळं बोलतात, माझ्यापुढं नुसती मान हलवतात, असं बाई म्हणाल्या. काकांना ते बरं वाटलं. त्यांनी पेनाला नवी रिफिल घातली.

दम्याची पहिली पेशंट आली ती माइकबाई.

बसस्टँडवर वीस वर्षं जिचा आवाज घुमत होता ती ही बाई. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणून ती एक क्षण थांबायची, आणि त्या एका क्षणात अख्खा स्टँड गप्प व्हायचा. मग फलाट क्रमांक, गाडी कुठून आली, कुठं जाणार, मधले सगळे थांबे, किती उशीर, सगळं एका दमात. शाळेतली पोरं तिची नक्कल करायची; ज्याला शेवटच्या थांब्यापर्यंत श्वास पुरायचा तो जिंकला. आता सत्तेचाळिशीची असेल. अंगानं किरकोळ, खांदे जरासे वर उचललेले, गळ्याशी घट्ट गुंडाळलेला स्कार्फ. पाच वर्षांपासून ती स्टँडच्या मागच्या बाजूला, हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसायची.

काकांनी तिला खिडकीच्या आत स्टूल दिलं. तिनं फॉर्म उलटा करून वाचला.

"जीवनमान," ती म्हणाली. "हवामान माहीत होतं, किमान, कमाल. ह्याचंही सांगतात का?"

काका हसले आणि पहिला प्रश्न वाचला. गेल्या चार आठवड्यांत किती वेळा दम लागला? ती म्हणाली, दम मला लागत नाही, मी लागूच देत नाही. काकांनी लिहिलं, ‘नाही’. जिना चढताना त्रास होतो का? जिनाच चढत नाही, ती म्हणाली. थोरली बहीण तिसऱ्या मजल्यावर राहते, तिलाच खाली बोलावते. जिन्याखाली उभं राहून आम्ही दोघी तासभर गप्पा मारतो, घर बघायला आलेल्या भाडेकरणींसारख्या. काकांनी लिहिलं, ‘नाही’. झोपमोड होते का? छे, चार उशा लावून बसल्या बसल्या झोपते, सवय झालीय, आडवं झोपणाऱ्यांचं मला आता नवल वाटतं. ‘नाही’. हसल्यानं, मोठ्यानं बोलल्यानं त्रास होतो का? हसायचं जरा बेतानं आणि मोठ्यानं बोलायचं कुणाशी, छत्र्यांशी? ‘नाही’. दम्यामुळं कामावर काही परिणाम झाला का?

"गेल्या चार आठवड्यांतच ना?" तिनं विचारलं.

"चार आठवड्यांतच."

"मग नाही. जो व्हायचा तो पाच वर्षांपूर्वीच होऊन गेला."

आणि तिनं तो किस्सा सांगितला, हसत, पण खरोखरच बेतानं. ऐन गर्दीची वेळ. लांब पल्ल्याच्या गाडीची घोषणा चालली होती. तिसऱ्या थांब्याच्या नावावर श्वास अडकला तो पुढं सरकेचना. माइक चालूच. सगळ्या स्टँडला कर्ण्यातून तिच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती. लोकांना वाटलं यंत्र बिघडलं. डेपोतून मेकॅनिक पाना घेऊन धावत आला आणि कर्ण्याची वायर हलवून बघायला लागला. दुसऱ्या दिवशी तिनंच साहेबांकडे अर्ज दिला, मला आतलं काम द्या.

काका ‘नाही’ लिहीत गेले. दहा प्रश्न झाले आणि दहा ‘नाही’. कागदावर बघितलं तर हिच्यासारखी ठणठणीत बाई दुसरी नाही. काकांच्या मनात काहीतरी टोचलं, पण रांग वाढत होती. अकरावा प्रश्न त्यांनी भराभर वाचला, "रोजचा पंप रोज दोन वेळा घेता का?"

"रोजचा कुठला?"

"निळा नाही. तो दुसरा, तपकिरी."

"तो रोज कशाला? तुम्हीच तर सांगितलंत, जपून." तिनं पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून खोकं. कडा झिजलेल्या, पण खोकं नीट जपलेलं. त्यावर जांभळा, ठसठशीत शिक्का, ‘त्रास झाल्यास’. ती जरा अभिमानानंच म्हणाली, "एक पंप मी आठ-आठ महिने पुरवते, काका. सवय म्हणून लावून घेतली नाही अंगाला."

काकांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

प्रश्न छापील होता. ‘रोजचा पंप रोज दोन वेळा’. म्हणजे कुणीतरी, कुठंतरी, हे असंच असतं म्हणून धरून चाललं होतं, शंकेला जागाच न ठेवता. रांगेतून कुणीतरी खाकरलं. काकांनी खाली बघितलं आणि त्यांच्या हातानं आपोआप, नेहमीच्या सुबक अक्षरात लिहिलं, ‘रुग्ण औषध नियमित घेत नाही’. पुढं ‘कारण’ असा रकाना होता. त्यात त्यांनी एक आडवी रेघ मारली.

नंतर, पुढं कित्येक दिवस, काकांना बाकी सगळ्यापेक्षा ती रेघच जास्त छळत राहिली.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं असायचं. डॉक्टरबाईंचं बोलणं खिडकीत स्पष्ट ऐकू येत होतं. त्या रागावल्या नव्हत्या, समजावत होत्या. निळा पंप तेवढ्यापुरता श्वास मोकळा करतो, पण आतली सूज जाते ती तपकिरी पंपानं, आणि तो बरं वाटत असलं तरी रोज घ्यायचा असतो. एकट्या निळ्या पंपावर पेशंटला ठेवायचं नाही, हे तर आता सगळीकडे लिहून ठेवलंय. आणि मग त्या म्हणाल्या, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं असा हलगर्जीपणा करावा?

काकांनी हातातलं गोळ्यांचं पाकीट खाली ठेवलं. आता ती सांगणार. खोकं काढून दाखवणार. सांगू दे, सुटलो.

मग माइकबाईचा तो जुना, स्टँडवरचा आवाज आला, जरा फाटलेला, पण तोच.

"प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. विषय संपला.

वीस वर्षं दुसऱ्यांच्या उशिराची माफी मागत आलेली बाई. गाडी ड्रायव्हरमुळं रखडो की घाटात दरड कोसळो, दिलगीर हीच. खिडकीशी येऊन तिनं नवे पंप घेतले. काकांनी खोकी कोरीच दिली. तिनं घोडीवरच्या शिक्क्यांकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं, आणि पिशवीची गाठ मारून वाऱ्यात बाहेर पडली.

दुपारी खिडकी बंद झाल्यावर काकांनी कापसाची गुंडाळी उचलली आणि पुस्तिका काढली. बारावं पान. सगळं होतं तिथं, चित्रासकट. दोन्ही पंपांची, त्यांच्या रंगांची. मग ते माळ्यावर चढले आणि थोरल्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्यांचा डबा उतरवला. मुंगळा तसाच चालत गेला होता, पण काकांना तो वाचता यायचा. सगळ्या वस्तीत त्यांना एकट्यालाच वाचता यायचा. तपकिरी पंपापुढं प्रत्येक चिठ्ठीवर दोन उभ्या रेघा होत्या. सकाळ, संध्याकाळ.

त्या रेघा त्यांनी तेव्हाही वाचल्या होत्या. अक्षर लागलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी तपकिरी पंप पहिल्यांदा आला, तेव्हा लोक पंपालाच भ्यायचे. पंप लागला म्हणजे कारभार आटोपला, असं बोलायचे. त्यात खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात ‘स्टिरॉइड’ असं छापलेलं काकांनी वाचलं. त्यांच्या आईला सांधेदुखीवर कुणीतरी स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं चारल्या होत्या. तिचं तोंड घागरीसारखं सुजलेलं त्यांनी बघितलं होतं. पोटात जाणारी गोळी वेगळी आणि श्वासातून ओढलेला चिमूटभर फवारा वेगळा, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही. एकदा विचारायला म्हणून ते आत गेलेही होते. थोरले डॉक्टर बाळाच्या कानात बघत होते. काका दारातूनच परत फिरले. ज्याला विचारायला लोक येतात त्यानं विचारायला जायचं, हे त्यांना जमलं नाही. मग त्यांनी दयाबुद्धीनं निळ्याचाच शिक्का तपकिरीवर मारला, आणि मारत राहिले. वर शब्द जोडले, जोराचं औषध आहे, जपून वापरा, सवय लागेल.

संध्याकाळी घरी त्यांनी भरलेलं ताट बाजूला सारलं. बायको समोर बसून उशीच्या अभ्र्याला नाड्या लावत होती. तिनं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा सुई अभ्र्यात टोचून ठेवली. काकांनी सगळं सांगितलं. आईच्या तोंडाचं सांगितलं, रांगेचं सांगितलं, निवृत्तीला राहिलेल्या दोन वर्षांचंही सांगितलं. नव्या डॉक्टरबाईंना अजून माणसांची पारख नाही, त्या एकदम टोकाला जातील, वरपर्यंत कळवतील. शिवाय आता बाईला बरोबर औषध मिळालंच आहे, मग उगाच जुनं उकरून कुणाचं काय भलं होणार. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ते किडक्या दाण्यासारखं लागलं.

"मला सांगून काय उपयोग," बायको म्हणाली. "मला कुठं दमा आहे?"

तिनं सुई उचलली आणि पुन्हा नाडी शिवायला लागली. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी शटर वर करून काका सरळ आत गेले. डॉक्टरबाई पर्स अडकवत होत्या. काका उभ्या उभ्या बोलले, मान खाली घालून, घोकून आणल्यासारखे. बोलून झाल्यावर टेबलावर कालचा फॉर्म ठेवला आणि त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. म्हणाले, इथं माझं नाव यायला पाहिजे होतं.

डॉक्टरबाईंनी फॉर्म उचलून पुन्हा वाचला. ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. मग त्यांनी एवढंच विचारलं की किती जण. काकांना आकडा सांगता येईना. काढा, त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, दुसरीकडेच बघत म्हणाल्या की सहा महिने मीही चिठ्ठीवर लिहून मोकळी होत होते, एकाही पेशंटला पंप काढून दाखवा म्हटलं नाही. कसा ओढता, किती ओढता, काहीच नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. काकांना वाटलं, आपल्या लाजेतला वाटा उगाच त्यांच्याही पदरात पडला.

दुपारपर्यंत नावं निघाली. सदतीस. त्यातले दोघं गाव सोडून गेलेले. एक रंगाच्या दुकानातला होता, हसतमुख, सदा शिंकणारा. तो गेल्या हिवाळ्यात वारला होता. डॉक्टरबाईंनी त्याचे कागद काढून बघितले. त्याचं हृदयही मोठं झालेलं होतं, दम्यानंच गेला असं म्हणता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. काकांनी मान हलवली. गाव सोडून गेलेल्या दोघांची नावं त्यांनी वेगळ्या कागदावर घेतली, पत्ते मिळवायला. या तिसऱ्या नावाचं काय करायचं ते त्यांना कळेना. खोडवेना. ते तसंच यादीत राहिलं, बाविसाव्या नंबरावर.

पहिलं नाव माइकबाईचं. फोन करता आला असता. काका चालत गेले.

हरवलेल्या सामानाची खोली फलाटांच्या मागं, पार्सलच्या गोदामाला लागून. खिडकी एक आणि तीही डिझेलच्या धुराकडे तोंड केलेली. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. छत्र्या, पिशव्या, जेवणाचे डबे, एका पायाचे बूट, लहान मुलांच्या टोप्या, एक सतार, आणि कोपऱ्यात एक कुबडी. कुबडी विसरून माणूस चालत घरी कसा गेला असेल, हा प्रश्न ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची म्हणे. काकांना तिनं तो विचारला नाही. सगळ्या वस्तूंवर धूळ होती. दमेकरी माणसाला बसवायला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती, आणि इथं ती आपणहून अर्ज देऊन आली होती.

काका म्हणाले, मला तुम्हाला काही सांगायचंय. ती म्हणाली, बसा. बसायला जागा नव्हती. त्यांनी उभ्यानंच सांगितलं. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं, मी चुकीचा शिक्का मारला. माहीत नव्हतं असं नाही, वाचलं होतं, आपली अक्कल चालवली. आणि काल तुमच्यावर ढकललं.

"कालचं मला कळलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"बाहेर बाराजण बसले होते. मी तुमचं नाव घेतलं असतं तर ते सगळे आपापली पाकिटं काढून बघत बसले असते." तिनं दोन श्वास घेतले. "पण ते कालचं. अकरा वर्षांचं मला आत्ता कळतंय."

कर्ण्यातून घोषणा झाली. बाईचाच आवाज, पण माणसाचा नव्हे. ध्वनिमुद्रित, प्रत्येक शब्द वेगळा कापून जोडलेला. फलाट. क्रमांक. चार. दोघं ती संपेपर्यंत थांबले. माइकबाईनं माइक सोडल्यावर वर्षभरानं ते यंत्र बसवलं होतं. आता तिथं कुणाची जागाच नव्हती परत जायला.

काका म्हणाले, मला माफ करा. हे वाक्य त्यांनी वाटेत दहा वेळा म्हणून बघितलं होतं, तरी ते फार लहान निघालं.

तेवढ्यात एक प्रवासी हरवलेली पिशवी विचारत आला. तिनं त्याला रंग विचारला, आत काय काय आहे ते विचारलं, पिशवी काढून दिली, सही घेतली. सगळं सावकाश, नेमकं. मग काकांकडे वळली.

"मला राग आलाय की नाही ते अजून कळेना," ती म्हणाली. "कळलं की सांगीन. माफीबिफी तेव्हा बघू. आधी हा कसा ओढायचा ते नीट दाखवा. अकरा वर्षांत तेही कुणी दाखवलं नाही."

काकांनी दाखवायला रिकामा पंप आणला होता. हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, दाबता दाबता सावकाश आत ओढायचं आणि दहा आकडे होईपर्यंत धरून ठेवायचं. नंतर चूळ भरून थुंकून टाकायची. मग तिनं आपला नवा पंप काढला. पहिल्यांदा घाईनं ओढला, निम्मा फवारा तोंडातून बाहेर. दुसऱ्यांदा जमला. काका मोजत होते. सहावर तिचे डोळे मोठे झाले, सातला तिनं हात हलवून सोडून दिला. पुरेसं आहे, काका म्हणाले. पुरेसं नाही, ती म्हणाली, एक काळ होता मी एका दमात अकरा थांबे घ्यायची.

पुढचे पंधरा दिवस काका दुपारची खिडकी बंद करून यादी घेऊन फिरत होते. त्यांना वाटलं होतं लोक शिव्या घालतील. दोघांनी घातल्याही, आणि काकांनी त्या पावती घेतल्यासारख्या निमूट घेतल्या. पण अवघड गेले ते दुसरेच. ते ऐकूनच घेईनात. एक निवृत्त टपालवाले म्हणाले, तुम्हाला त्या नव्या डॉक्टरबाईंनी पढवलंय, काका. तुम्ही पहिल्यांदा सांगितलं तेच बरोबर होतं. एका आजींनी तर पंप पदराखाली लपवला. म्हणाल्या, शिक्का आहे ना त्यावर, मग झालं. काका ओट्यावर बसून त्यांना पटवत राहिले की तो शिक्का खोटा आहे, मारणारा चुकला, आणि आजी त्यांचीच बाजू घेऊन त्यांच्याशी भांडत राहिल्या. बिचाऱ्या कंपाउंडरला आता कामावरून काढणार वाटतं, म्हणून त्यांनी काकांच्या हातावर गुळाचा खडाही ठेवला. तो गिळताना काकांना वाटलं, यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

‘त्रास झाल्यास’ शिक्का डॉक्टरबाईंनी काढून घेतला नाही. डोकेदुखीच्या गोळीला तो लागायचाच. पण आता तो उचलताना काकांचा हात थबकायचा, आणि रांगेतले लोक म्हणायचे, काका म्हातारे झाले.

पाच आठवड्यांनी माइकबाई पुन्हा आली. वारा पडला होता, रस्ताही बुजवून झाला होता. दुसऱ्या वेळचा फॉर्म भरायचा होता. काकांनी स्टूल पुढं केलं आणि पेन उचललं, तसं तिनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, या वेळी मी भरते, तुमच्या अक्षरात माझं सगळंच छान दिसतं.

ती भरत होती आणि काका उलट्या बाजूनं वाचत होते. दम लागला का? ‘हो, चार वेळा.’ जिना? ‘हो. दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं. नंतर गेले.’ झोपमोड? ‘एकदा. दोन उशांवर होते.’ हसताना? ‘हो.’ कामावर परिणाम? तिथं ती थांबली. ‘गेल्या चार आठवड्यांत’ हे छापील शब्द तिनं सरळ रेघ मारून खोडले आणि समोर लिहिलं, ‘खूप’.

आत डॉक्टरबाईंनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यावर दहा ‘नाही’, दुसऱ्यावर ‘हो’च ‘हो’. त्यांनी काकांना हाक मारून विचारलं की हे काय, औषध सुरू केलं आणि त्रास वाढला?

"वाढला नाही," काका म्हणाले. "आधी त्या जिनाच चढत नव्हत्या. आता चढतात, म्हणून दम लागतो."

डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, फुंकायच्या नळीत तीनदा फुंकायला लावलं, आकडा बघितला आणि मान डोलावली. शिट्टी जवळपास गेली होती. पुस्तिकेतलं पान काढून औषधाची मात्रा तपासली, आणखी दोन महिने तीच ठेवली आणि धुळीच्या खोलीतून बदली व्हावी म्हणून स्टँडच्या साहेबांना चिठ्ठी लिहून दिली.

माइकबाई खिडकीशी आली. काकांनी पंप दिले आणि खोक्यावर पेनानं लिहिलं, ‘रोज सकाळी दोन, रोज संध्याकाळी दोन, बरं वाटलं तरी’. तिनं ते मोठ्यानं वाचून बघितलं, एका श्वासात.

"राग आलाय," ती म्हणाली. "कळलं मला. बहिणीच्या घरी गेले तेव्हा. पाच वर्षांत तिनं नवं स्वयंपाकघर करून घेतलंय आणि मला माहीतच नव्हतं. तिथं ओट्यापाशी उभी राहिले आणि तुमचा इतका राग आला की दम लागेल असं वाटलं."

काकांनी मान खाली घातली. "येणारच," ते म्हणाले.

"आहे अजून. जाईल तेव्हा जाईल." तिनं पिशवी उचलली. "पुढच्या महिन्यात येते."

ती पायऱ्या उतरून गेली. काका तिच्याकडे बघत राहिले नाहीत. बघायचा आपल्याला अधिकार आहे असं त्यांना वाटलं नाही. बाकावर नऊजण होते. खोकल्याच्या औषधाची मापं सकाळपासून चिकट होऊन पडली होती. काकांनी ती सगळी गोळा केली, नळ सोडला आणि एकेका मापात बोट घालून धुवायला घेतलं.